कापल्या कोपऱ्याची निळी जिल्द

मथुरा, आज तुझ्या पासपोर्टाचा कोपरा कापला.

मी न्हाई कापला. हापिसातल्या पोरीनं कापला. आपली सुनीता मस्कतहून फोनवर सांगून राहिली होती की माणूस गेल्यावर त्याचा पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, घरात तसाच ठेवत नसतेत. मी हो हो म्हणायचो अन् टाळायचो. शेवटी आज सकाळी गेलो. पोरगी भली होती. आठवण म्हणून परत पाहिजे का बाबा, असं विचारलं. पाहिजे म्हणलं. तिनं आत शिक्का मारला, कात्री घेतली अन् पुठ्ठ्यासकट कोपरा उडवला. कात्री बोथट होती. कडेला धागे निघाले. तुला अग्नी देताना मी ताठ उभा होतो, तुझ्या भावाला विचार. त्या कात्रीच्या आवाजाला मात्र मला टेबल धरावं लागलं. पोरीनं पाणी दिलं. तिला वाटलं असेल, म्हातारा बायकोसाठी रडून राहिला. बायकोसाठीच, पण थोडं त्या बोथट कात्रीसाठीबी.

ज्यांच्याकडं मी हे काम शिकलो ते उस्ताद म्हणायचे, पुस्तक मरायला कोपऱ्यापासून लागतं. आपण दोघांनी जन्मभर लोकांच्या पुस्तकांचे कोपरे सांभाळले. पुठ्ठा मी कापायचा, पानांचे फर्मे तू शिवायचे. रेग्झिन मी चढवायचं अन् कोपरे तू मोडून बसवायचे. कोपरा तुझाच. माझ्या हातचा कोपरा जाड व्हायचा अन् तू म्हणायची, "हे पुस्तक हाय का उशी?" आता तुझाच कोपरा कापून माझ्या हातात दिला अन् मी तो खिशात घालून रिक्षात बसलो. कापलेला तुकडा टाकवला न्हाई. नखाएवढा हाय. वरून निळा, आतून पांढरा.

मला लिहायची सवय न्हाई. दुसऱ्यांनी लिहिलेलं मी शिवलं, एवढंच. मुखेडला चौथीत शाळा सोडली ती सोडली. पण सुनीतानं तिकीट पाठवलंय अन् मी तिला न्हाई म्हणलं होतं. ती आधी रडली, मग तापली. "अप्पा, त्या बंद दुकानात एकटं बसून काय शिवणार तुम्ही?" का न्हाई म्हणलं ते तिला सांगता येत न्हाई. तुला सांगता येतं. आधीबी तसंच होतं, काही ठरवायचं तर मी तुझ्याशी भांडून ठरवायचो. आता भांडायचं तर कागदावरच.

तर आपलं पहिलं भांडण काढतो.

लग्न होऊन तू नांदेडला आलीस, तेव्हा मी उस्तादांच्या दुकानात जिल्दसाज होतो. उस्तादांनी तुला पाया पडू दिलं न्हाई. त्याऐवजी पेटी उघडून त्यांनी एक वस्तू दाखवली. ती ते कुणालाबी दाखवत नसत. हात धुऊन, पुसून मग काढायचे. त्यांच्या मामाचा पासपोर्ट. मामा इंग्रजांच्या काळात मुंबईहून जहाजानं तिकडं इराकात बसऱ्याला कामाला गेलेले. निळा पुठ्ठा, पण इतका गडद की सावलीत काळा वाटावा. वर सोनेरी छाप, इंग्रजाचा मुकुट, एका अंगाला सिंह अन् दुसऱ्या अंगाला शिंगवाला घोडा. अन् पुठ्ठ्याला खिडकी कापलेली. खिडकीतून आतल्या पानावरचं मामाचं नाव दिसायचं, शाईनं लिहिलेलं. खाली अजून एक खिडकी, नंबरासाठी. उस्ताद खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायचे अन् सांगायचे, बघ, धार तिरपी मारलीय, सरळ मारली असती तर कागद अडकून फाटला असता.

मी तेव्हा शहाणपणा केला. म्हणलं, पुठ्ठ्याला भोक पाडणं हे काम न्हाई. जिल्द कशासाठी असते? आतला कागद राखायला. भोक पाडलं की धूळ आत.

नवी नवरी तू, डोक्यावर पदर. मान वर न करता म्हणलीस, "राखायला पेटी असती की. जिल्द सांगायला असती. न उघडता कळाया पाहिजे कुणाचं हाय ते."

मला राग आला. उस्ताद लई हसले. कोण बरोबर ते सांगा म्हणलं, तर म्हणले, "तुम दोनों लड़ते रहो, दुकान चलती रहती."

तसंच झालं. आपण लढत राहिलो अन् दुकान चालत राहिलं.

पहिल्या दिवाळीला मी तुझ्या बापाची पोथी बांधून दिली. किल्लारीजवळचं तुझं गाव, दगडामातीची घरं, हातभर रुंद भिंती. जावई म्हणून पहिल्यांदा आलो तर रिकाम्या हातानं कसं यायचं? पोथीची पानं सुटलेली, ती लग्नाच्या वेळीच नांदेडला नेली होती, शिवली अन् कापड चढवलं. उस्तादांकडं त्या दिवशी हिरवंच कापड उरलेलं. तेच चढवलं. तुझ्या बापानं पोथी हातात घेतली, उलटीपालटी केली अन् म्हणले, "जावईबापू, काम झ्याक हाय, पण पोथीला तांबडं कापड असतंय." गावात कुणाकडंच हिरव्या कापडाची पोथी नव्हती. पारायणाला बसले की लोक लांबूनच ओळखायचे, ती देवळाच्या कडेची हिरवी, ती मथुराच्या बापाची. तू मला त्यावरून किती टोमणे मारलेस. एवढं शिवलं, पण रंग कळंना, म्हणायची.

मग भूकंप झाला.

नांदेडला आपल्या फळीवरची भांडी वाजली, तेवढंच. गणपती बुडवून लोक झोपले होते. सकाळी रेडिओनं सांगितलं तेव्हा तू चूल विझवली अन् चप्पल न घालता एसटी स्टँडाकडं निघालीस. सुनीताला उस्तादांच्या घरी ठेवून मी मागून पळालो. अर्धी वाट एसटी, अर्धी एका ट्रकात. गावाच्या जागी गाव नव्हतं. गल्ली कुठली, देऊळ कुठलं, विहीर कुठली, काही कळेना. सगळा दगडांचा एकच ढीग. त्यावर पाऊस. तुझा भाऊ दिगंबर नोकरीला लातुरात म्हणून वाचलेला. तो आधीच आला होता, पण त्यालाबी स्वतःचं घर सापडत नव्हतं. भलत्याच ढिगावर उकरून राहिला होता.

तू एका जागी उभी राहिलीस अन् नुसती बघत राहिलीस. मी म्हणलं, चल, हात लाव. तू हललीस न्हाई. मग बोट दाखवलंस. लांबवर, चिखलात, हिरवं कापड दिसून राहिलं होतं. वीतभर असेल.

तिथं उकरलं. आई अन् बाप तिथंच होते.

पुढचं मी लिहीत न्हाई. एवढंच लिहितो की त्या दिवसांत किती जणांना नाव न कळताच एकत्र अग्नी दिला गेला. तुझ्या आईबापाला त्यांच्या नावानं मिळाला. दिगंबर अजूनबी म्हणतो की ताईच्या डोळ्यांनी शोधलं. डोळ्यांनी न्हाई, त्या कापडानं. पुठ्ठ्यानं सांगितलं, त्याचं घर कुठलं ते. हे मी तुला त्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं. नंतरबी कधी म्हणलं न्हाई. भांडण हरायचं जिवावर येतं, दुसरं काय. तूबी कधी उगाळलं न्हाईस. एवढं हुकमाचं पान तुझ्या हातात होतं अन् तू ते कधी टाकलं न्हाईस. आज माझं मीच टाकतो.

पोथी मी परत बांधली. आता तांबडं घालू म्हणलं, तर तू ओरडलीस. मग बाजार पालथा घालून तसंच हिरवं आणलं. उरलेलं कापड तू घडी करून तुझ्या ट्रंकेत टाकलंस.

भावाजवळ राहावं म्हणून तू लातूरला चल म्हणलीस. उस्तादांनी त्यांचा जुना शिकंजा दिला, पुस्तकं दाबायचा, लोखंडी. चौघांनी मिळून टेम्पोत चढवला. लातुरात सुरवातीला काम कुठलं? भूकंपातून निघालेली लोकांची कागदं. भिजलेली रेशनकार्डं, बँकेची पासबुकं, लग्नातले फोटोचे अल्बम. लोक पिशवीत चिखल घेऊन यायचे अन् म्हणायचे, यातून काय निघतंय ते बघा. तू एकेक पान दोरीवर वाळत घालायचीस. घरात चालायला जागा नसायची. सुनीता दोरीखालून वाकून वाकून शाळेत जायची.

अन् मग बघता बघता शहर बदललं. आपल्या गल्लीत आधी एक क्लास निघाला, मग समोर दुसरा, मग वरच्या मजल्यावर तिसरा. गावोगावची पोरं पेट्या, गाद्या घेऊन येऊ लागली. घर तिथं मेस, खोली तिथं पोरं. पोरगा पास झाला की चौकात त्याचा फोटो, नापास झाला की कुणाला माहीतबी नसायचं. आपल्याला काम इतकं की जेवायला फुरसत न्हाई. नोट्सचे गठ्ठे यायचे, संध्याकाळी परत द्यायचे. सगळ्या नोट्स दिसायला सारख्या, पोरं घाईत भलतंच उचलून न्यायची. तू रंग ठरवलेस. फिजिक्स निळं, केमिस्ट्री हिरवं, बायोलॉजी लाल, गणित काळं. क्लासवाल्या सरांनी विचारलं, ही आयडिया कुणाची? मी माझी म्हणून सांगणार होतो. तू तिथंच उभी होतीस म्हणून सांगितलं न्हाई.

सुनीताबी त्याच लाल-निळ्या जिल्दींतून शिकली. डॉक्टर झाली. मोठी झाली, लग्न केलं, मस्कतला गेली. आपण दोघं इथंच. तू सातवी, मी चौथी.

सुनीताचं पहिलं लेकरू इथंच झालं, तुझ्या हाताखाली. दुसऱ्याच्या वेळी तिला तिकडून निघता येईना. आई, तू ये, म्हणली. अप्पांना पण आण. म्हणून आपले पासपोर्ट काढायचे ठरले. आयुष्यभर जिल्दी बांधल्या अन् स्वतःच्या नावाचं पुस्तक पहिल्यांदा मिळणार, याचीच आपल्याला नवलाई. फोनवर सुनीताला तू रंगाचंच विचारत बसायची. तिच्या दवाखान्यात देशोदेशीची माणसं. ती सांगायची, शेजारच्या देशांचा हिरवा असतो, युरोपातल्या लई जणांचा जांभळट तांबडा असतो. आपल्याकडं साध्या माणसाला निळा, सरकारी कामाला जाणाऱ्याला पांढरा, वकिलातीतल्या मोठ्या लोकांना तांबूस. इंग्रजांनी तर म्हणे मधे आपला जुना निळा टाकून युरोपासारखा तांबडा घेतला अन् आता परत निळ्यावर येणार हायत. तू म्हणलीस, "मग तेवढ्यात त्यांचं नाक लांब झालं का आखूड?" मी म्हणलं, बघ, मी काय म्हणतो? रंगानं काही होत न्हाई. राजा गेला, मुकुट गेला, शिंगवाला घोडा गेला, आपले सिंह आले, तरी निळा तो निळाच.

फॉर्म भरायच्या टाइमालाच ती बातमी आली. दुकानात पेपर मी वाचून दाखवायचो अन् तू शिवता शिवता ऐकायचीस. दहावी न झालेल्या माणसाला परदेशात कामाला जाताना जास्तीची तपासणी लागते, अशा माणसांच्या पासपोर्टाला आता नारंगी पुठ्ठा येणार. बाकीच्यांना निळाच.

तुझी सुई थांबली. मी म्हणलं, येऊ दे की नारंगी. आत पानं तीच.

तू उठलीस. समोरच्या गठ्ठ्याकडं बोट केलंस.

"ते लाल काय हाय?"

"बायोलॉजी."

"उघडून बघितलं का?"

"न्हाई."

"मग कसं कळालं?"

तू परत बसलीस अन् दोरा ओवत म्हणलीस, "तसंच मला बघून कळंल. त्या विमानाच्या लायनीत सगळे निळे अन् मी नारंगी. तोंड उघडायच्या आधी माझी शाळा कळंल. उस्तादांच्या मामाला खिडकी होती ती बरी होती. नाव दिसू द्या की. शाळा कशाला दिसायला पाहिजे?"

मी चिडलो. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय अन् तू पुठ्ठ्याच्या रंगावर अडून बसलीस, म्हणलं. तू म्हणलीस, लेकीकडं जायचं म्हणूनच अडून बसले. तिच्या दवाखान्यातल्या लोकांसमोर तिची आई नारंगी? तू फॉर्मवर सही करंना. मी हातापाया पडलो, शिव्या दिल्या, जेवलो न्हाई. तू जेवलीस. भांडणात तू कधी उपाशी राहिली न्हाईस, हा तुझा गुण.

थोड्याच दिवसांत बातमी आली की ते सरकारनं मागं घेतलं, लई लोकांनी ओरड केली म्हणून. सगळ्यांना निळाच. मी पेपर तुझ्यासमोर आपटला. मग फॉर्म भरून देणारा नेटवाला पोरगा हसून म्हणला, "काकू, तुम्ही उगीच भांडलात. पन्नाशी उलटलेल्याला ती तपासणी नसतेच. तुम्हाला तसाबी निळाच आला असता." मला हसू आवरंना. तू हसली न्हाईस. म्हणलीस, "अन् पन्नाशीच्या आतल्या बायांनी काय केलं होतं रे?" पोरगा फॉर्मचा पुढचा रकाना भरू लागला.

पासपोर्ट पोस्टानं आले. तो दिवस आठवतो? आपण वाचलं काहीच न्हाई. आधी पाठ बघितली. शिलाई मशीनची, मधून एकच. कोपरे गोल कापलेले, म्हणजे मोडायची भानगड न्हाई. तू म्हणलीस, बरं हाय, पण कोपरा बसवणाऱ्याचं पोट मारलं. सोनेरी छाप चांगली उठलेली. तुझ्या पासपोर्टात एका अंगाला अस्तराचा कागद नखभर सुटलेला होता. तुझ्या हाताला ते सहन होणार थोडंच? तू खळ शिजवलीस, आपली नेहमीची, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलेली. बोटानं लावलीस. मी बाजूला उभा राहून खळ पातळ कर, पातळ कर म्हणत होतो. मग उस्तादांच्या शिकंज्यात दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढलं तर काय बसलं होतं, वा. सरकारपेक्षा चांगलं, म्हणलं मी.

हैदराबादच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं तुझा पासपोर्ट वाकवला, दिव्याखाली धरला, नखानं कड तपासली. मोरचुदाची हिरवट रेघ दिसून राहिली होती. आपल्याला ती कधी दिसलीच नव्हती. आपल्या सगळ्या पुस्तकांना ती असते. त्यानं हिंदीत विचारलं, हे उघडलं कुणी? तू मान वर करून सांगितलंस, "उघडलं न्हाई साहेब, सुटलं होतं ते चिकटवलं. आमचा धंदाच हाय."

माणूस वाईट नव्हता. त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं, दोघांनी आपलं सगळं ऐकून घेतलं. पण नियम तो नियम. पासपोर्टाला हात लावलेला चालत न्हाई. तू त्यांना दुरुस्ती म्हणत होतीस, ते तिला खराबी म्हणत होते. तुला नवीन काढावा लागंल, म्हणले. माझा ठीक होता. माझ्या पासपोर्टाचं काही सुटलंच नव्हतं.

मी म्हणलं, चल, दोघं परत जाऊ. तू पिशवीतून डिंकाच्या लाडवाचा डबा काढलास अन् माझ्या पिशवीत कोंबलास. "तुम्ही जा. दोघांपैकी एकानं तरी लेकराला हात लावायला पाहिजे."

"मला काय येतं तिथं?"

"येत न्हाई ते फोनवर विचारा."

मी गेलो. काचेच्या पलीकडं गेल्यावर मागं बघितलं. तू पिशवी पायाशी ठेवून उभी होतीस. हात हलवला न्हाईस. मला जा म्हणून मानेनं खुणावलंस, दुकानात गिऱ्हाईक आल्यावर खुणावायचीस तसं. एवढ्या मोठ्या जागेत तू एवढीशी. त्या काचेवर लोकांच्या हातांचे डाग होते. मला ते डाग अजून दिसतेत.

तिथून तू एकटी लातूरला आलीस. एसटीत शेजारच्या बाईला म्हणलीस म्हणे, माझा नवरा विमानानं गेला, मी त्याला सोडायला आले होते. दिगंबरनं सांगितलं मला हे. तू न्हाई.

मस्कतात मी बाळाला आंघोळ घातली. म्हणजे तू फोनवर घातलीस, हात माझे होते. मान धरा, पाणी कोमट हाय का कोपरानं बघा, तोंडात साबण जाऊ देऊ नका. सुनीता एकीकडं हसायची, एकीकडं डोळे पुसायची. पुढं तुझा नवा पासपोर्ट आला, त्याला तू बोटसुद्धा लावलं न्हाईस. ताटात घेऊन पेपरात गुंडाळून ठेवलास, जशी काही विंचवाची नांगी. मग तू मस्कतला गेलीस तेव्हा दुकानात सीझन होता, म्हणून मी इथं. असं करत आपण दोघं एका विमानात कधी बसलोच न्हाई. या वर्षी दोघं मिळून, असं ठरवलं होतंस. दुकान आता कुणासाठी उघडं ठेवायचं, म्हणायचीस. खरंच होतं. पोरं मोबाइलवर वाचतेत. कुणी आलंच तर स्पायरल मागतो. स्पायरल म्हणजे पुस्तकाला लोखंडी फासळ्या. तुला ते बघवत नसायचं.

तुझ्या दुखण्याचं मी लिहीत न्हाई. ते डॉक्टरांनी लिहिलंय, फाइल जाड झालीय, अन् तिची पाठ सुटलीय. मी शिवली न्हाई.

तर आता तुला कळालं असेल, मी सुनीताला न्हाई का म्हणलं. त्या काचेतून परत एकटं जायचं होत नव्हतं माझ्यानं. मागं बघायला तरी कुणीतरी पाहिजे. त्या वेळी तू तिथं उभी तरी होतीस.

हापिसातून आल्यावर दुपारी दुकान उघडलं. शिकंज्यावर धूळ बसलेली. तुझा पासपोर्ट समोर ठेवला अन् सवयीनं हात कामाला लागला. कोपरा कापलेली वही या दुकानातून मी कधी तशी जाऊ दिली न्हाई. पुठ्ठ्याचा तुकडा काढला, कापायला बसलो. निळं कापड शोधलं तर फिजिक्सचं निळं उरलेलं, ते फिकं पडतं. म्हणून तुझी ट्रंक उघडली. वर तुझ्या साड्या, त्याखाली पोथी, अन् पोथीखाली ते हिरवं कापड, घडी तशीच.

मग कोपरा जोडायचं मनात राहिलं न्हाई. कोपरा कापलाय, कारण तू न्हाईस. ते खोटं कशाला करायचं? चोरून जोडला तर पुन्हा मोरचुदाची रेघ दिसंल अन् पुन्हा कुणीतरी दिव्याखाली धरंल. राहू दे तसा. बघणाऱ्याला कळू दे.

पण वरून दुसरी जिल्द केली, काढता घालता येईल अशी. खळीचा थेंबबी तुझ्या पासपोर्टाला लागू दिला न्हाई, शिकलो मी. पुठ्ठा कापला, हिरवं चढवलं, कोपरे मोडले. जाड झालेत. उशी झालीय. मग उस्तादांच्या मामासारखी वरच्या अंगाला खिडकी कापली. धार तिरपी मारायची, हे लक्षात होतं. हाताला लक्षात न्हाई राहिलं. मोतीबिंदूचा एक डोळा अन् थरथरता हात, दोघांनी मिळून काय कापायचं ते कापलं. खिडकीच्या मागं कागदाची पट्टी लावली अन् त्यावर तुझं नाव लिहिलं, माझ्याच अक्षरात, चौथीतल्या. आडनाव न्हाई, शाळा न्हाई, नंबर न्हाई. नुसतं मथुरा.

म्हणजे राखायलाबी झालं अन् सांगायलाबी. उस्ताद असते तर आज कुणाचं बरोबर ते त्यांनी सांगितलं असतं. पण ते न्हाईत, म्हणून मीच सांगतो. तुझं.

मग सुनीताला फोन केला. येतो म्हणलं. ती नुसतं नाक ओढत राहिली. सामानात काय काय आणू, असं विचारलं तर म्हणली, काही नको अप्पा, तुम्ही या. माझा निळा पासपोर्ट शर्टाच्या एका खिशात अन् तुझा हिरवा दुसऱ्यात. साहेबानं विचारलं तर दाखवीन. आधी खिडकी दाखवीन, मग कोपरा.

काचेपलीकडं गेल्यावर मागं बघायची गरज पडायची न्हाई आता.

खिडकी वाकडी झालीय, मथुरा. एका अंगाला उतरलीय. मला दिसतंय ते. तुला काय म्हणायचं ते म्हणून घे.